पायाच्या लेथवर काम सारखं सैल होतंय? स्क्रू आवळायच्या आधी हे बघा

लक्षण एकच. लाकूड (लेथवर लावलं की त्यालाच काम म्हणायचं) दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंच्या अणकुचीदार टोकांमध्ये धरलं, स्क्रू आवळला, पाय मारायला सुरुवात केली, पहिली काही मिनिटं मस्त लांब लांब सालं निघतात आणि मग टक् टक् असा बारीक आवाज यायला लागतो, पटाशी मध्येच उडते, गोल झालेला भाग पुन्हा बेंगरूळ होतो. थांबायचं, स्क्रू अर्धा आटा फिरवायचा, परत सुरू करायचं. दहा मिनिटांनी परत तेच. मग माणूस वैतागून स्क्रू इतका पिळतो की लाकूड पायाने फिरेनासं होतं, दोरी घसरते, आणि मग प्रश्न येतो की दोरी कुठली वापरू. दोरीचा काही दोष नसतो हो.

मी इथे बोलतोय ते बांबूच्या नाहीतर रबराच्या ताणावर चालणाऱ्या, घरीच बनवलेल्या लाकडी लेथबद्दल. वर लवचिक काठी, खाली पायपट्टी, मधे दोरी, आणि त्या दोरीचे दीड-दोन वेढे थेट कामाला. पाय दाबला की काम तुमच्याकडे फिरतं तेव्हा कापायचं, पाय सोडला की उलटं फिरतं तेव्हा पटाशी किंचित मागे घ्यायची. मोटर नाही, बेअरिंग नाही, दोन्ही सेंटर स्थिर, फिरतं ते फक्त लाकूड. ज्यांचा चाकाचा किंवा धनुष्याचा लेथ आहे त्यांनाही बरंचसं लागू पडेल. नावं पण ठरवून घेऊ म्हणजे गोंधळ नको: दोन आडव्या तुळया म्हणजे बेड, त्यांच्या मधल्या फटीत उभे राहून सेंटर धरतात ते दोन खुंट, खुंटाचा खालचा बारीक केलेला भाग जो फटीतून खाली उतरतो ते कुसू, कुसवाच्या वरची रुंद कड जी बेडवर टेकते तो खांदा, आणि कुसवाच्या भोकातून बेडच्या खालून आरपार मारतो ती पाचर.

पहिली गोष्ट, सैलपणा नक्की कुठे आहे हे शोधल्याशिवाय काहीही आवळू नका. स्क्रू हा सगळ्यात हाताशी असतो म्हणून आपण तोच फिरवतो, पण स्क्रूने फक्त दोन टोकांमधलं अंतर कमी होतं, खुंटच मागे सरकत असेल तर तुम्ही स्क्रूने त्याला अजून मागे ढकलताय एवढंच होणार.

शोधायची पद्धत सोपी आहे, पटाशी बाजूला ठेवा, दोरी काढून टाका. एका हाताने काम मधोमध धरून पुढे-मागे हिसका द्या, आणि दुसऱ्या हाताचं बोट सांध्यावर असं ठेवा की अर्धं बोट एका भागावर आणि अर्धं दुसऱ्यावर. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला लगेच कळते, अगदी पाव मिलिमीटर असली तरी. चार जागा आहेत: सेंटरचं टोक आणि लाकूड, स्क्रू आणि त्याचा नट, खुंटाचा खांदा आणि बेड, बेड आणि पाय. याच क्रमाने बघा आणि दोन्ही बाजूचे खुंट बघा, कारण जो खुंट आपण कधी हलवत नाही त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही आणि पुष्कळदा तोच ढिला निघतो.

आता एकेक घेऊ. टोकाजवळ हलत असेल तर आधी हे समजून घ्या की ओल्या लाकडात सुरुवातीला थोडं सैल होणं नॉर्मल आहे. टोकाखालचे तंतू दबतात, बसतात, म्हणून पहिल्या पाच-सात मिनिटांत दोन-तीन वेळा थोडं थोडं आवळावं लागणारच, त्याची तक्रार नको. त्यानंतरही चालूच राहिलं तर भोक मोठं होतंय. काम काढून भोकाकडे नीट बघा. काठाला काळपट पूड जमलीये आणि जळका वास येतोय म्हणजे कोरडं घासतंय. अशा वेळी फक्त तेल टाकून भागत नाही, कारण टोक भोकाच्या तळाला टेकलेलं असतं आणि तळ कुरतडत आत आत जात असतं. त्यासाठी लाकूड लावायच्या आधीच मधोमध तीन-चार मिलिमीटरचं भोक साधारण दहा मिलिमीटर खोल पाडून घ्या. म्हणजे सेंटरचं अगदी टोक हवेत राहतं आणि शंकूचा उतार भोकाच्या काठावर गोल बसतो, आणि खालच्या पोकळीत तेल साठून राहतं. शंकू ६० अंशाच्या आसपास ठेवा. खिळ्यासारखं लांब निमुळतं टोक ओल्या लाकडाला पाचरीसारखं फाडतं.

तेलाचं म्हणाल तर नुसतं खोबरेल उन्हाळ्यात पाण्यासारखं वाहून जातं आणि डिसेंबरात पुण्या-नाशकात गोठून बसतं. एरंडेलात थोडं मेण वितळवून ठेवा, डबीत वर्षभर टिकतं, बोटाने भरायचं. युरोपात यासाठी जनावराची चरबी वापरायचे, त्यातही मुद्दा हाच की घट्ट काहीतरी हवं जे तिथेच थांबेल.

अजून एक, ओंडका आख्खा गोल लावला असेल आणि सेंटर बरोबर झाडाच्या मधल्या बिंदूवर आलं असेल तर ते लाकूड सोडून द्या. चिरा तिथूनच सुटतात, टोक चिरेत घुसतं आणि तुम्ही आवळाल तितकी चीर रुंदावते. ओंडका फोडून त्याचे चार भाग करा आणि मधला भाग कुऱ्हाडीने काढूनच लेथवर घ्या. उन्हात दोन तास पडलेल्या ओल्या लाकडाच्या तोंडाला बारीक तडे गेलेले असतात, तेवढा भाग करवतीने कापून ताजं तोंड काढायचं.

स्क्रूवर फार वेळ घालवत नाही. बहुतेकांनी आटे पाडलेला १६ मिलिमीटरचा रॉड वाकवून हँडल केलेलं असतं, तेच बरोबर आहे. काम दोन्हीकडे फिरतं म्हणून स्क्रूलाही दोन्हीकडे ओढ बसते आणि हळूहळू तो सुटतो. खुंटाच्या बाहेरच्या बाजूला अजून एक नट घाला आणि आवळून झालं की तो खुंटाला टेकवून घट्ट करा. खुंटाच्या आत बसवलेला नट स्वतःच फिरत असेल तर तो काढून, भोक साफ करून, एपॉक्सीत पुन्हा बसवा. झालं.

खरा दोष बहुतेक वेळा तिसऱ्या जागी असतो, खांदा आणि बेडमध्ये. लोक म्हणतात की पाचर तर घट्ट आहे, हातोडीने मारली तर खणखणीत आवाज येतो, मग खुंट हलतो कसा? असं असेल तर खाली वाका आणि टॉर्च मारून बेडच्या खालून बघा. पाचर ज्या भोकात जाते त्या भोकाची वरची कड बेडच्या खालच्या पातळीच्या वर असायला पाहिजे, म्हणजे बेडच्या जाडीत लपलेली पाहिजे. तशी असेल तरच पाचर वरून बेडला टेकते आणि खालून भोकाच्या तळाला, आणि त्या ताणाने खुंट खाली ओढला जाऊन खांदा बेडवर दाबून बसतो. भोकाची वरची कड जर बेडच्या खाली दिसत असेल, मग ती दोन मिलिमीटर का असेना, तर पाचर बेडला टेकतच नाहीये, ती आपल्याच भोकात वर-खाली अडकून घट्ट बसलीये आणि खुंट वर मोकळा आहे. कितीही ठोका, काही होणार नाही. झालंच तर कुसू फाटेल.

आणि गंमत म्हणजे लेथ बनवला तेव्हा हे बरोबर होतं. बनवल्यावर सहा महिन्यांनी बिघडलं, कारण लाकूड वाळलं. लाकूड आकसतं ते रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, आडवं, लांबीत जवळपास नाहीच. खुंट उभा आहे, त्याचं कुसू म्हणजे रेषेच्या दिशेने, त्याची लांबी आहे तेवढीच राहते. बेडची तुळई आडवी आहे, तिची जाडी म्हणजे रेषेच्या आडवं, ती कमी होते. बारा सेंटिमीटर जाडीची ओली तुळई पाच टक्के आकसली तरी सहा मिलिमीटर गेले. तुम्ही भोकाला चार मिलिमीटरचीच जागा ठेवली होती, ती संपून वर दोन मिलिमीटरची फट पडली. जो भाग हलताना दिसतो तो खुंट, पण बदललाय तो बेड.

आपल्याकडे हे जास्त होतं त्याला कारण आहे. या लेथची जी डिझाइन्स आपण व्हिडिओ बघून उचलतो ती बहुतेक इंग्लंडची असतात. तिकडे चिल्टर्नच्या टेकड्यांमधे बीचच्या जंगलात बसून ओल्या लाकडाचे खुर्चीचे पाय कातणारे बॉजर लोक होते, हाय विकमच्या खुर्ची कारखान्यांना ते पाय विकायचे, विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम तिथे टिकून होतं. तिथली हवा बाराही महिने दमट, झाडाखाली ठेवलेला लेथ फारसा वाळतच नाही. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यात हवेतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते आणि जुलैत कोकणात ती पंच्याऐंशी-नव्वदच्या घरात असते. पहिल्या हवेत लाकडात पाच टक्क्यांच्या आसपास पाणी उरतं, दुसऱ्या हवेत अठरा-वीस टक्के. जाड तुळई इतक्या झटपट बदलत नाही हे खरं, पण चांगलं वाळलेलं लाकूड सुद्धा वर्षभरात एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे करतंच. म्हणूनच ‘पावसाळ्यात चांगला चालत होता, होळीनंतर परत सुरू झालं’ ही तक्रार दरवर्षी येते. त्यात लोक बेडसाठी घेतात काय तर सेंटरिंगवाल्याकडच्या निलगिरीच्या बल्ल्या, स्वस्त मिळतात म्हणून. निलगिरी आकसते पण भरपूर आणि वर पिळते पण. खुंटाला चालेल एकवेळ, बेडला नको. जुन्या घराचा वासा, पाडकामातली सागाची किंवा किंजळीची तुळई मिळाली तर सोडू नका, ती पन्नास वर्षं वाळलेली असते.

उपाय दोन. तात्पुरता उपाय म्हणजे दहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या घ्या, कुसवाच्या दोन्ही बाजूंना, बेडच्या खाली आणि पाचरीच्या वर सरकवा. आता पाचरीला टेकायला जागा मिळाली, खुंट लगेच बसेल. आजचं काम भागलं. पक्का उपाय म्हणजे खुंट बाहेर काढा आणि पटाशीने भोक वरच्या बाजूला, म्हणजे खांद्याच्या दिशेने, बारा-पंधरा मिलिमीटर वाढवा. खालच्या बाजूला अजिबात हात लावू नका, पाचर तिथेच टेकते. एकदा एवढं केलं की पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांना बघायला नको. नवीन लेथ बनवत असाल तर आधीच भोक बेडच्या जाडीत निदान दोन सेंटिमीटर वर घुसेल एवढं ठेवा, त्याने कुसवाची ताकद काही कमी होत नाही.

पाचर मागे सरकून सुटत असेल तर तिचा उतार जास्त आहे. आठास एक ठेवा, म्हणजे २४० मिलिमीटर लांबीत तीस मिलिमीटरचा फरक, एका टोकाला वीस आणि दुसऱ्या टोकाला पन्नास. सहास एकपर्यंत चालतं, त्याच्यापुढे पायाच्या प्रत्येक दाबाला पाचर थोडी थोडी मागे येते. भोकाचा तळही त्याच उताराने कापलेला पाहिजे, सपाट ठेवला तर पाचर एका कडेवर टेकते, ती कड दबते आणि दोन दिवसांत परत सैल. पाचरीला बाभूळ घ्या, वाळलेली. आणि पाचरीचं जाड टोक मागच्या बाजूला येऊ द्या, पुढे ठेवलं तर मांडीला लागतं.

आता असंही होतं की पाचर बरोबर आहे, बेडला टेकतेय, तरी खुंट डोलतो. मग खांदा सपाट नाही. खांद्याच्या खालच्या तोंडाला कपड्याची नीळ कोरडीच चोळा, खुंट बेडवर ठेवा, पाचर मारा, एकदा हिसका द्या आणि खुंट काढून बेडवर डाग कुठे उमटलाय ते बघा. नीळ फक्त मधोमध लागली असेल तर खुंट त्या उंचवट्यावर झुलतोय. मधला भाग पटाशीने एखादा मिलिमीटर खोलगट करा, म्हणजे चारही कडा टेकतील. डाग एकाच बाजूला असेल तर बेडच्या दोन तुळया एका पातळीत नाहीत, त्या रंधून घ्या, खांदा कापत बसू नका, नाहीतर खुंट दुसऱ्या जागी सरकवला की परत तेच. खांदा रुंद हवा हे वेगळं सांगायला नको, आणि सेंटरची उंची उगाच वाढवू नका. बेडपासून सेंटर जितकं वर तितका तोच जोर खुंटाला जास्त वाकवतो. खुर्चीचे पाय, लाटणी, रवीचे दांडे यासाठी बेडपासून वीस-बावीस सेंटिमीटर पुष्कळ झाले. मोरोक्कोत मराकेशच्या बाजारात कारागीर जमिनीवर बसून एका हाताने धनुष्य चालवतात आणि पटाशी दुसऱ्या हातात धरून पायाच्या बोटांनी सांभाळतात, आपल्याकडचे जुने कातारी पण असेच बसून काम करायचे. ती मांडणी इतकी बुटकी असते की खुंटाला डोलायला लांबीच मिळत नाही. उभं राहून काम करायची आपली हौस आहे, तर तिची किंमत जाड खुंटात द्यायची.

चौथी जागा, बेड आणि पाय. सगळा सांगाडाच डावी-उजवीकडे झुलत असेल तर एक तिरकी पट्टी ठोका. पायाने दाब देताना लेथ पुढे सरकत असेल तर मागे दगड ठेवा किंवा बेडला पाण्याचा कॅन बांधा. यात फार डोकं लावायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र नीट ओळखा, कारण तिचा उपाय बरोबर उलटा आहे. काम लांब आणि बारीक असेल, समजा दोन फुटांचा दांडा अंगठ्याएवढा जाड राहिलाय, आणि मधोमध पटाशी थरथरत असेल, अंगावर तिरक्या लाटा उमटत असतील, तर ते सैल झालेलं नाही, ते वाकतंय. ढिलेपणाचा आवाज टक् असा येतो, दर फेऱ्याला एकदा, टोकाकडून. वाकण्याचा आवाज घर्र असा लांबट येतो, मधून. इथे तुम्ही स्क्रू आवळला की दोन्ही टोकांचा दाब दांड्याला धनुष्यासारखा अजून वाकवतो आणि थरथर वाढते. आवळल्यावर वाढली म्हणजे खात्रीच झाली समजा. अर्धा आटा सोडा, पटाशीला धार लावा, बारीक साल घ्या आणि मागून आधाराला एक खाच पाडलेली फळी बेडवर पाचरीने बसवा, खाचेला मेण लावून. शक्य असेल तर मधला भाग शेवटपर्यंत जाडच ठेवायचा आणि टोकांकडून काम संपवत आणायचं. दोरी मधेच असते म्हणून लोक मधला भाग आधी बारीक करून दोरीसाठी चाकोरी करतात, ते नको, दोरी एका बाजूला घ्या आणि उरलेली बाजू झाली की दोरी तिकडे सरकवा.

दोरीवरून आठवलं, वरची काठी फार कडक असेल तर ती प्रत्येक वेळी पाय सोडल्यावर कामाला वर हिसका देते आणि तो हिसका सेंटरच्या भोकाला वरच्या बाजूने घासतो. भोक गोल न राहता लांबोळकं झालेलं दिसलं की कारण हेच. काठीने पायपट्टी फक्त वर उचलली पाहिजे, पाय नाही. माणग्याची (बांबूचीच एक जात) काठी असेल तर बुंधा भरीव असतो म्हणून कडक लागते, बांधायची जागा शेंड्याकडे सरकवा की नरम होईल. काठीला जागाच नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोन खांबांमधे आडवी ताणून तिच्या मधे दोरी बांधा, फ्लॅटच्या गॅलरीत सुद्धा मावते. दोरी चार-पाच मिलिमीटरची घ्या, नायलॉनपेक्षा पॉलिस्टर बरी कारण ती कमी ताणते, काथ्या तर नकोच, ओलं लाकूड सोलून काढतो. दोरीचं पायपट्टीकडे जाणारं टोक तुमच्या बाजूने उतरलं पाहिजे, मागून नाही, नाहीतर पाय दाबल्यावर काम उलटं फिरेल आणि पटाशी कापणारच नाही.

वाट्या-कटोरे कातणाऱ्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. तिथे दोरी कामावर नसते, एका गोल लाकडी मुसळीवर असते आणि ती मुसळी कटोऱ्याच्या ठोकळ्यात ठोकून बसवलेली असते. इंग्लंडात बकलबरीचा जॉर्ज लेली १९५८ मध्ये गेला तोपर्यंत याच पद्धतीने कटोरे काढत होता, एकाच ठोकळ्यातून एकात एक बसणारे सुद्धा. इथे सैल होते ती मुसळी. ठोकळा ओला आणि मुसळी पण ओली असेल तर दोन्ही मिळून आकसतात आणि पकड जाते. मुसळी नेहमी खडखडीत वाळलेल्या लाकडाची, भोकात जाणारं टोक किंचित निमुळतं, ती ओल्या ठोकळ्यातलं पाणी पिऊन फुगते आणि आपोआप घट्ट होते. जेवायला उठताना अर्धवट कटोरा उघडा ठेवू नका, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, नाहीतर परत येईपर्यंत भोक लांबोळकं झालेलं असतं आणि मग मुसळी कितीही ठोकली तरी गोल फिरत नाही, तो ठोकळा चुलीत.

एवढं सगळं बघूनही हलत असेल तर खुंट बाहेर काढून कुसू वरून खाली बोटाने चाचपडा, खांद्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर असते ती नख अडकल्याशिवाय सापडत नाही. चीर सापडली तर त्या खुंटाला गोंद-बिंद लावत बसू नका, नवीन खुंट करा, आणि या वेळी खांद्याच्या कोपऱ्यात करवत खोल जाऊ देऊ नका.